सत्य ठरवण्याचा अधिकार नको, माहिती देण्याचे कर्तव्य हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरून पसरणाऱ्या खोट्या बातम्यांना आळा घालण्यासाठी सरकारने कडक कायदा करावा, अशी मागणी वाचकांच्या पत्रांतून, सार्वजनिक सभांतून आणि विधिमंडळातल्या भाषणांतूनही वरचेवर होत असते. या मागणीमागची काळजी खरी आहे. मी साक्री तालुक्यात राहतो, याच भागातल्या शाळांत आयुष्यभर शिकवले, आणि मोबाइलवरच्या अफवेने माणसे मारली जातात हे आमच्या तालुक्याला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, या मागणीला माझा विरोध आहे. खरे काय आणि खोटे काय हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिल्याने लोकांचा विश्वास वाढत नाही. सरकारने आपल्याजवळची माहिती वेळेवर, उघडपणे आणि कोणीतरी नावानिशी जबाबदारी घेऊन दिली, तर तो वाढतो. पहिल्या गोष्टीचा आग्रह आपण सगळेच धरतो. दुसरी मात्र क्वचितच कोणी मागतो.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आमच्या तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत या भागात आले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. मुले पळवणारी टोळी आल्याची ओरड झाली, बाजारातली माणसे धावून आली, पाचही जणांना मारहाण करत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि त्यांचा जीव जाईपर्यंत मारहाण थांबली नाही. गावाने निवडून दिलेल्या माणसांनी ज्या खोलीत बसून गावाचा कारभार करायचा त्या खोलीत हे घडले, ही गोष्ट लोकशाहीविषयी बोलताना मला कधीही बाजूला ठेवता आलेली नाही.

त्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश देशभर फिरत होते. आसामातल्या कार्बी आंगलाँगमध्ये जूनमध्ये दोन तरुणांचा असाच बळी गेला होता. तेव्हा सर्वाधिक गाजलेल्या एका चित्रफितीत मोटरसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या एका मुलाला उचलून नेताना दिसतात. ही चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती आणि तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात व मूल पळवायला एक क्षण पुरतो असे सांगणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा भारतभर पाठवला. सीरियात २०१३ साली रासायनिक हल्ल्यात दगावलेल्या मुलांची छायाचित्रेही अशीच टोळीने मारलेली मुले म्हणून फिरवली गेली. बघणाऱ्याला वाचता येण्याची गरज नव्हती, भाषा येण्याची गरज नव्हती, आणि संदेश ज्याच्याकडून येत होता तो बहुधा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी असल्यामुळे त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारणही नव्हते. सांगणारा ओळखीचा आणि मूळ सांगणारा मात्र अज्ञात, ही या माध्यमाची विलक्षण रचना आहे. पूर्वी कोतवालाने दवंडी दिली तर ती कोणाच्या हुकमावरून दिली हे साऱ्या गावाला ठाऊक असे, आणि दवंडी खोटी निघाली तर पाटलाच्या दारात जाऊन जाब विचारता येत असे. पुढे ढकललेल्या संदेशाला असे दार नाही.

तरीही सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पालावर राहणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे चोर म्हणून बघण्याची सवय आपल्याकडे इंटरनेटच्या फार आधीची आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, पण त्याने रुजवलेला संशय गावाच्या आणि पोलीस ठाण्याच्याही मनातून रद्द झाला नाही. अफवेला उगवायला जमीन लागते. ती जमीन आपण पिढ्यान्‌पिढ्या नांगरून ठेवली होती.

आता कायद्याचा प्रश्न. राईनपाड्याला कायदा कमी पडला काय? भीती किंवा घबराट पसरवणारी अफवा प्रसृत करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ५०५ खाली तेव्हाही तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये तोच गुन्हा खोटी माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधने यांचा स्पष्ट उल्लेख करून पुढे चालू ठेवला आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये खोटी घबराट पसरवण्याविरुद्ध स्वतंत्र कलम आहे. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेसंबंधी सविस्तर निर्देश देऊन प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले. म्हणजे अफवा पसरवणाऱ्याला पकडण्याची आणि मारणाऱ्याला शिक्षा करण्याची तरतूद कायद्याच्या पुस्तकात होती आणि आहे. जे नव्हते ते असे, की मुले पळवणारी कोणतीही टोळी या भागात फिरत नाही, हे लोकांच्या बोलीत, लोकांच्या विश्वासातल्या माणसाने, बाजाराच्या आधी आठ दिवस गावागावांत जाऊन सांगितलेले नव्हते.

त्याच दिवशी मालेगावात जे घडले ते याच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. तिथेही भिक्षा मागत आलेल्या एका कुटुंबाला मुले पळवणारे समजून जमावाने घेरले, त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूलही होते. पण तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, दार लावले, आणि चिडलेला जमाव बाहेर असतानाही पोलीस येईपर्यंत ते उघडले नाही. पोलिसांनी मोठ्या जमावातून त्या सगळ्यांना जिवंत बाहेर काढले. दोन्ही ठिकाणी मोबाइल तोच होता, अफवा तीच होती, कायदाही तोच होता. एके ठिकाणी जमावाला नाही म्हणणारा शेजारी उभा राहिला आणि पोलीस वेळेत पोचले. दुसरीकडे तसे घडले नाही. या फरकाचा अभ्यास करण्याऐवजी आपण नव्या कलमाची मागणी करतो, याची मला खंत वाटते.

कडक कायदा झाल्यावर तो कोणावर चालतो, याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबईसह राज्याचा मोठा भाग बंद राहिला. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी प्रश्न विचारणारा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही पोलिसांनी अटक केली आणि लिहिणारीच्या नातलगाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्यांच्यावर लावलेले एक कलम होते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ. त्रास होईल, गैरसोय होईल, अत्यंत आक्षेपार्ह वाटेल, असे काहीही इंटरनेटवरून पाठवणे या कलमाने गुन्हा ठरवले होते. कोणाला कशाचा त्रास वाटेल याला काही मर्यादा असते काय? पुढे दोघींवरची प्रकरणे बंद झाली, त्या वेळच्या पोलीस अधीक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली, परंतु आपले म्हणणे मांडल्याबद्दल दोन तरुण मुलींना पोलीस ठाण्यात जावे लागले ही गोष्ट कोणत्याही निलंबनाने भरून निघत नाही.

श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या निकालातला एक विचार प्रत्येक नागरिकाने समजून घ्यावा असा आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि प्रत्यक्ष चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी असून, बोलणे चिथावणीपर्यंत पोचते तेव्हाच घटनेच्या अनुच्छेद १९(२) मधले अभिव्यक्तीवरचे निर्बंध लागू होऊ शकतात, असे न्यायालयाने म्हटले. मत कितीही अप्रिय असले तरी पहिल्या दोन गोष्टींना संरक्षण आहे. आणि तरीही, कलम मेल्यावरसुद्धा देशातल्या पोलीस ठाण्यांतून त्याच्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल धक्का व्यक्त केला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढून अशी सर्व प्रकरणे थांबवण्यास सांगावे लागले. सात वर्षे उलटूनही रद्द झालेले कलम ज्या यंत्रणेच्या हातातून सुटत नाही, त्या यंत्रणेच्या हाती याहून रुंद कलम द्यावे असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर विचारात घ्यावा.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून नेमके तेच करण्याचा प्रयत्न केला. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी जे काही ‘बनावट, खोटे किंवा दिशाभूल करणारे’ आहे असे सरकारनेच नेमलेला तथ्यतपासणी कक्ष म्हणेल, ते प्रसिद्ध ठेवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीला कायद्याने मिळणारे संरक्षण गमवावे लागणार होते. म्हणजे कंपनी ते काढूनच टाकणार हे उघड होते, कारण दुसऱ्याच्या मजकुरासाठी कोणती कंपनी कोर्टाच्या पायऱ्या चढेल? या नियमाला विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठात मतभेद झाला. मार्चमध्ये सरकारने कक्षाची अधिसूचना काढताच दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायाधीश, न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य असल्याचे मत दिल्याने बहुमताने तो रद्द ठरला. सरकारने आपल्याविषयीच्या चुकीच्या बातमीचे खंडन करू नये, असे कोणीच म्हणत नाही. पत्र सूचना कार्यालयाचा तथ्यतपासणी विभाग २०१९ पासून ते करतोच आहे आणि त्याने ते खुशाल करावे. खंडन करणे म्हणजे वादात उतरणे. त्यासोबत पुरावा द्यावा लागतो आणि वाचक तो तपासून पाहू शकतो. समोरच्याचे म्हणणे पुसून टाकण्याचा अधिकार घेतला की पुरावा देण्याची गरजच संपते. ज्याच्या कारभाराविषयी वाद आहे त्यानेच त्या वादाचा निवाडा करायचा, हे आपण गावच्या बांधाच्या तंट्यातही मान्य करत नाही.

महाराष्ट्राने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा घेतलेला आहे. १८९६च्या अखेरीस पुण्यात प्लेग आला, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घराघरांत शिरून झडत्या सुरू केल्या. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती लोकांत बसली आणि घरोघर रुग्ण लपवले जाऊ लागले. त्या काळात टिळकांनी एकीकडे हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला आणि दुसरीकडे ‘केसरी’तून झडत्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यावर सरकारने लेखांवर बोट ठेवून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. पुढच्याच वर्षी राजद्रोहाची व्याख्या अधिक कडक करण्यात आली, समाजगटांत वैर पसरवण्याविषयीचे कलम १५३अ नव्याने घालण्यात आले आणि अफवांविषयीच्या ५०५ व्या कलमाची व्याप्ती वाढवण्यात आली. आज आपण ज्या कलमांचे वारसदार वापरतो, त्यांचा इतिहास असा पुण्याच्या प्लेगपर्यंत जातो. संपादक तुरुंगात गेल्याने किती घरांनी आपला रुग्ण विश्वासाने सरकारी दवाखान्यात नेला असेल, याचा विचार करावा. लोकांना भीती सोजिरांच्या बुटांची होती. ती वर्तमानपत्राने निर्माण केलेली नव्हती, वर्तमानपत्राने ती फक्त छापली होती.

आजच्या सरकारांची तुलना परकीय सत्तेशी करण्याचा माझा हेतू नाही. हे सरकार आपण निवडून दिलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा अधिक आहे. परंतु अविश्वास कसा तयार होतो हे पाहिले, तर त्यातला मोठा वाटा सरकारी मौनाचा आहे असे मला दिसते. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये काही तरुणांच्या मोबाइल स्टेटसवरून तणाव झाला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी बीडमध्येही इंटरनेट बंद झाले. इंटरनेट बंद केल्याने खोटा संदेश थांबतो हे खरे, परंतु त्याच क्षणी त्याचे खंडनही थांबते, आपल्या मुलाची खुशाली विचारणारी आईही थांबते, आणि त्या पोकळीत तोंडोतोंडी पसरणाऱ्या गोष्टींना कोणीच उत्तर देऊ शकत नाही. काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले तेव्हा त्याचा कारणांसह छापील आदेश आपण कुठे वाचला, हे वाचकांनी आठवून पाहावे.

संकेतस्थळे आणि खाती रोखण्याचे आदेश तर याहूनही गुप्त असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम अशा तक्रारी आणि कारवाया गोपनीय ठेवायला सांगतो. श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने ६९अ कायम ठेवले ते आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येते, या आधारावर. पण जो आदेश कोणाला दिसतच नाही त्याला आव्हान कोण देणार? दुसरीकडे, ज्या माहितीच्या अधिकाराच्या चळवळीत महाराष्ट्र आघाडीवर होता, ज्या राज्याने केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, स्वतःचा कायदा केला, तिथे हा अधिकार दिवसेंदिवस आक्रसतो आहे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले आणि व्यापक लोकहितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची जी मोकळीक त्या कलमातच होती ती काढून टाकली. रस्त्याच्या ठेकेदाराचे नाव, शिष्यवृत्ती मिळालेल्यांची यादी, अधिकाऱ्यावरची चौकशी, असे काही मागितले की आता ‘वैयक्तिक’ एवढा एक शब्द लिहून अर्ज परत पाठवणे सोपे झाले आहे. एका हाताने माहिती झाकायची आणि दुसऱ्या हाताने खोटी माहिती पसरवणाऱ्याला शिक्षा करायची, ही दोन्ही कामे एकत्र चालवून विश्वास मिळत नाही.

माहिती उघड केल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने निर्घृण हत्या केली. तिथेही चोर आणि मुले पळवणारे आल्याची अफवा आधीपासून पसरलेली होती. घटनेनंतर दुसरी अफवा उठली आणि हत्येला धार्मिक रंग देण्यात आला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्यांची यादीच जाहीर केली आणि त्यात कोणीही मुस्लीम नसल्याचे सांगितले. त्या प्रकरणात पोलिसांच्या वर्तनावर जे प्रश्न उपस्थित झाले ते योग्यच होते आणि ते विचारले गेलेच पाहिजेत. पण त्या एका यादीने जे काम केले ते शंभर खात्यांवर बंदी घालून झाले नसते. ज्याला ती खोटी वाटली त्याला ती तपासण्याची सोय होती, आणि ज्याला दंगल पेटवायची होती त्याच्या हातातले इंधन कमी झाले.

निवडणुकीत हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तिथे वेळ मिळत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या म्हणून काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या. दोघांनीही त्या आपल्या नसल्याचे सांगितले आणि अनेक तथ्यतपासकांनी त्या कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्या असाव्यात असा निष्कर्ष काढला. जाहीर प्रचाराला बंदी असलेल्या अखेरच्या ४८ तासांत हे घडले आणि सकाळी मतदान सुरू झाले. अशा वेळी दोन-तीन वर्षांनी लागणारा निकाल मतदाराच्या काय कामाचा? उद्या हेच कोणत्याही पक्षाच्या बाबतीत घडू शकते आणि म्हणून सर्व पक्षांनी एकत्र बसून आपल्या कार्यकर्त्यांसाठी काही बंधने मान्य करायला हवीत. आपल्या अधिकृत खात्यावरून न तपासलेली ध्वनिफीत प्रसृत केली तर ती कोणी दिली हे पक्षाने जाहीर करावे, इतके तरी व्हावे. मात्र याबाबत मला फारशी आशा नाही, कारण खोट्याचा कारखाना बहुधा त्यांच्याच आवारात चालतो.

कंपन्यांविषयी थोडेच लिहितो. राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली, ढकललेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. यात कोणाचेही मत दाबले गेले नाही, कोणावर खटला भरावा लागला नाही, कोण काय बोलतो हे कोणी वाचले नाही. फक्त वेग कमी झाला. हे आधीच करता आले असते आणि ते पाच जीव गेल्यावर झाले, हा माझा त्या कंपनीवरचा आक्षेप आहे. सरकारने कंपन्यांवर दबाव आणायचाच असेल तर तो अशा रचनेच्या बदलांसाठी आणावा, आणि मराठीसह भारतीय भाषांतल्या तक्रारी पाहायला पुरेशी माणसे नेमण्यासाठी आणावा.

अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणजे काहीही करण्याचा परवाना, असे मी म्हणत नाही. एखाद्या समाजाला मारा असे सांगणाऱ्याला, बनावट चित्रफीत जाणूनबुजून तयार करून जमाव गोळा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि लवकर झाली पाहिजे; त्यासाठीची कलमे वर सांगितली आहेत, ती वापरावीत. माझा आग्रह इतकाच आहे की चुकीचे बोलणारा आणि चिथावणी देणारा यांच्यात फरक करावा. गावातली एखादी आशाताई लसीविषयी ऐकीव शंका बोलून दाखवते, एखादा शेतकरी विम्याच्या पैशांविषयी चुकीचा आकडा लिहितो, एखादा विद्यार्थी परीक्षेचा पेपर फुटल्याची भीती व्यक्त करतो. त्यांना तुरुंगाची भीती दाखवली तर ते शंका विचारणे बंद करतील, शंका मात्र मनात तशीच राहील आणि मग तिला उत्तर देण्याची संधीही आपल्याला मिळणार नाही. आणि पेपर खरोखर फुटलेला असेल, तर तो फुटल्याचे सांगणारा पहिला माणूस अफवा पसरवणाराच ठरेल.

आपल्या जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय आहे, गावोगाव पोलीस पाटील आहेत, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आहेत. माहितीच्या अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य प्रत्येक कार्यालयावर घातलेले आहे. मुलांच्या बेपत्ता होण्याच्या नोंदी, साथीच्या रुग्णांचे आकडे, दंगलीतल्या अटका, इंटरनेट बंदीचे आदेश, यांविषयीची माहिती दर आठवड्याला, आणि तणावाच्या वेळी दर काही तासांनी, अधिकाऱ्याच्या नावाने आणि सहीने, मराठीत आणि त्या भागात अहिराणी, भिली, कोकणा जी बोलली जाते त्या बोलीत ध्वनिमुद्रित करून द्यावी. चूक झाली तर तीही त्याच नावाने आणि त्याच ठिकाणी दुरुस्त करावी. भटक्या समाजाची पाले गावाजवळ पडली की पोलीस पाटलाने ग्रामसभेत किंवा बाजारात त्यांची ओळख करून द्यावी. याला मोठा खर्च नाही.

आपल्या दैनिकाकडेही माझी एक मागणी आहे. वृत्तपत्रसृष्टीची प्रतिष्ठा अजून टिकून आहे ती छापलेल्या मजकुरामागे संपादकाचे नाव असते म्हणून. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनुसार चूक झाल्यास दुरुस्ती ठळकपणे छापायला हवी; प्रत्यक्षात पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाला बारीक अक्षरांत येते, आणि ई-आवृत्तीत तर जुनी बातमी मुकाट बदलली जाते. आपण दुरुस्तीसाठी पहिल्या पानावर एक कायमची जागा राखून ठेवावी, आणि त्याच जागी जिल्ह्यात त्या आठवड्यात फिरलेल्या एका अफवेचा, कोणत्या कार्यालयाला विचारले, कोणी काय उत्तर दिले आणि कोणी दिलेच नाही, यासह समाचार घ्यावा. ज्या कार्यालयाने उत्तर दिले नाही त्याचे नाव छापायला संकोच करू नये. या दोन्ही गोष्टींसाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही, त्या येत्या सोमवारच्या अंकापासून सुरू होऊ शकतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. साक्री, जि. धुळे